आंब्याची रेघाळलेली फळी

नागपूरच्या लकडगंजातील माझ्या कारखान्यात एका काकूंनी आपल्या अंगणातल्या आंब्याचा ओंडका आणून टाकला. झाड वठल्यावर तोडलेला तो ओंडका सगळा पावसाळा मातीला टेकून पडलेला होता आणि त्याच लाकडाचे बैठकीतले टेबल त्यांना हवे होते. चिरून पहिली फळी उघडली, तर पांढुरक्या लाकडावर टाकाने ओढाव्यात तशा बारीक काळ्या रेघा. "भाऊ, हे सडलं नं, सरपणात टाकू," आमचा मदतनीस म्हणाला.

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. ओल्या लाकडात बुरशीच्या वसाहती एकमेकींना भिडल्या की त्या काळ्या द्रव्याची भिंत घालून आपापली हद्द राखतात. त्या रेघा म्हणजे ही भिंत. बुरशीने लाकूड खाल्लेले असते तिथे ते फिकट आणि मऊ पडते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशीचे काम थांबते, म्हणून फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत रचल्या आणि नागपूरचा उन्हाळा त्यांच्यावरून जाऊ दिला.

खरी परीक्षा रंध्याच्या दिवशी झाली. तोंडावर मास्क बांधून मी सर्वांत सुंदर फळीवर हात टाकला आणि दुसऱ्याच फेरीत रुपयाएवढा ढलपा उचकटून आला. जीव हळहळला, कारण हे झाड दुसऱ्यांदा मिळणार नव्हते. मग सगळी फळी नखाने दाबून पाहिली. जिथे नख रुतले तिथे पातळ इन्स्टंट ग्लू जिरवला, आणि वाळल्यावर रंधा बाजूला ठेवून पोलादी पात्याने हलक्या हाताने खरवडले. नुसता पॉलिश पेपर मऊ भाग आधी खातो आणि पृष्ठभागाला खळगे पडतात. ढलपा निघालेला चार इंचांचा भाग लांबीने (खळगे बुजवायच्या लगद्याने) भरून काढण्याऐवजी मी कापून टाकला, कारण अशा लाकडावर लांबी डागासारखी दिसते, आणि फळीभोवतीची शिसवी चौकट तेवढी रुंद केली. भार सगळा शिसवावर आहे. आंब्याची फळी खाचेत सरस न लावता मोकळी बसवली आहे. गडद, शांत शिसवाच्या मधोमध त्या रेघा जशा उठल्या, तशा सागवानात उठल्या नसत्या, असे माझे ठाम मत आहे.

टेबल न्यायला आलेल्या काकूंनी सर्वांत लांब काळ्या रेघेवरून नख फिरवले, चीर आहे का ते पाहायला. नख कुठेही अडकले नाही.