अल ऐनमधील एक संमतिपत्र

2018 च्या जानेवारीत मी अल ऐनला संशोधन समन्वयक म्हणून रुजू झाले. त्याआधी सहा वर्षे मी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये गरोदर स्त्रियांच्या आणि त्यांच्या बाळांच्या नोंदी घेत होते; त्यामुळे बाळंतिणीच्या घरी कोणत्या वेळी जावे आणि आधी कोणाशी बोलावे हे आपल्याला चांगले कळते, असा माझा समज होता. अबू धाबी अमिरातीतील हे शहर ओमानच्या बुरैमीला अगदी खेटून वसलेले आहे. येथील विद्यापीठाने 2017 मध्ये ‘मुताबआ’ हा मोठा अभ्यास सुरू केला होता. त्यात 10,000 गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांची मुले 16 वर्षांची होईपर्यंत त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यायचा आहे, आणि ‘मुताबआ’ या शब्दाचा अर्थच पाठपुरावा असा आहे. आमचा अभ्यास त्यामानाने फार लहान होता. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाहूल किती लवकर लागू शकते, एवढेच आम्हाला पाहायचे होते. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीकडे, अर्ज केल्यापासून विश्वास ठेवावा अशी पहिली प्रश्नावली हाती येईपर्यंत काय काय घडले, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण आखाती देशांत अशा कामावर येणाऱ्या मराठी परिचारिका मला याबद्दल वरचेवर विचारतात.

प्रश्नावली निवडायला वेळ लागला नाही. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी एडिंबरा मापिका 1987 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण आहेत (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) आणि विचारायचे ते फक्त मागच्या 7 दिवसांबद्दल. तिच्या अरबी आवृत्तीची पडताळणी अमिरातीतील मातांवरच झालेली असून तो अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पडताळून झालेल्या मापिकेतील शब्द कोणालाही आपल्या सोयीने बदलता येत नाहीत, कारण मग गुणांचा अर्थच बदलतो. म्हणून आमच्या हाती राहिले ते माहितीपत्रक आणि संमतिपत्र. मी ते इंग्रजीत लिहिले, एका भाषांतरकाराने ते अरबीत केले आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराने ते पुन्हा इंग्रजीत आणले. हे उलटे भाषांतर वाचले तेव्हा ‘अभ्यास’ या शब्दाच्या जागी मला ‘प्रयोग’ दिसला. अरबीत ‘तज्रिबा’ हा शब्द वापरला गेला होता. त्याचा अर्थ अनुभव असाही होतो आणि प्रयोग असाही; हिंदीत आपण ऐकतो तो ‘तजुर्बा’ त्याच शब्दावरून आलेला आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला ‘आमच्या प्रयोगात भाग घ्याल का’ असे विचारल्यावर तिने बाळाला छातीशी घट्ट धरले असते, तर त्यात तिचे काहीच चुकले नसते. आम्ही तो शब्द काढून ‘दिरासा’, म्हणजे अभ्यास, हा शब्द घातला.

त्यापुढचा शब्द अधिक अवघड होता. नैराश्याला अरबीत ‘इक्तिआब’ म्हणतात, आणि तो शब्द मथळ्यात असेल तर सासूबाई किंवा नवरा कागद पाहताच नकार देतील, असे मला आमच्या अमिराती परिचारिकांनी बजावले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे येथील बायका मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या भाषेत सांगतात. त्या ‘छाती आवळल्यासारखी वाटते’ असे म्हणतात. आपल्याकडेही ‘जीव घुसमटतो’ म्हणणारी बाई नैराश्य हा शब्द क्वचितच उच्चारते. म्हणून मी संपूर्ण पत्रकातून तो शब्द वगळला आणि ‘बाळंतपणानंतरचे स्वास्थ्य’ एवढेच ठेवले. कमिटीने ते पत्रक परत पाठवले. आपण काय शोधत आहोत हे ज्या कागदात नाही, त्या कागदावरची सही म्हणजे संमती होत नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले होते. त्या दिवशी मला ते माणसांपेक्षा नियमांना मोठे मानणे वाटले. आज मला त्यांचेच म्हणणे पूर्ण बरोबर वाटते. अखेरीस मथळा सौम्य राहिला, पण दुसऱ्याच वाक्यात ‘इक्तिआब’ हा शब्द आला आणि त्याच्या पुढे छाती आवळणे, रडू येणे, झोप न लागणे अशी साधी ओळख दिली. मार्चअखेर मंजुरी मिळाली.

एप्रिलपासून आम्ही प्रसूती विभागात संमती घेऊ लागलो आणि चौथ्या आठवड्यात घरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची असे ठरले. येथे अनेक बाळंतिणी पहिले चाळीस दिवस माहेरी काढतात, हे मला आपल्या सव्वा महिन्यामुळे लगेच समजले. एका घरी मला ‘हसू’ नावाचा पदार्थ वाढला गेला आणि पहिल्या घासालाच अळीव ओळखू आले. तेथे त्याला ‘रशाद’ म्हणतात आणि आपल्यासारखेच ते बाळंतिणीला आवर्जून देतात. या ओळखीने मी गाफील राहिले. प्रश्न विचारताना खोलीत आई, मावशी, नणंद अशा तीन-चार बायका सहज बसलेल्या असत, आणि पुणे जिल्ह्यातही हेच पाहिलेले असल्यामुळे मला त्यात वावगे दिसले नाही. मेच्या मध्यावर रमजान सुरू झाला. बाळंतिणीला चाळीस दिवसांपर्यंत रोजा नसतो, पण घर रात्रभर जागे असते. त्यामुळे ‘दुःखामुळे झोप लागत नाही का’ या प्रश्नाला ‘या दिवसांत झोपते कोण’ असे हसत उत्तर मिळे. महिन्याअखेर मी सगळे कागद समोर मांडले तेव्हा एकूण गुण बहुतेक ठिकाणी 0 किंवा 1 होते. एवढ्या बायकांपैकी एकीलाही एकदासुद्धा उगाच रडू आले नव्हते, यावर माझा विश्वास बसेना. ही चूक प्रश्नांची नव्हती, भाषेचीही नव्हती. मी त्यांना खरे सांगता येईल अशी जागाच दिली नव्हती.

पद्धत बदलण्यासाठी कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज लिहिण्यापूर्वी मी ज्यांनी नकार दिला होता त्या बायकांशी बोलले, अर्थात त्यांची तयारी होती तेवढेच. आमच्या पत्रकात ‘तुमची माहिती गोपनीय राहील’ असे वाक्य होते, आणि त्यांतील एकीने मला विचारले, ‘कोणापासून?’ तिच्या मनातला प्रश्न अगदी नेमका होता. वॉर्डातील एक नर्स तिच्या चुलत्यांची मुलगी होती, नोंदणीच्या टेबलावर नवऱ्याचा नातेवाईक होता, आणि आम्ही मात्र गोपनीयता म्हणजे कुलूपबंद कपाट असे धरून चाललो होतो. मग आम्ही ते वाक्य काढून टाकले आणि कागद कोण पाहील, कोणाला दाखवला जाणार नाही, हे एकेक करून लिहिले: नवरा नाही, आई नाही, सासू नाही, वॉर्डातील परिचारिका नाही. त्याखाली अपवादही लिहिला. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर तुमच्याशी बोलतील. हा अपवाद ठळक छापू नये, त्याने बायका खरे उत्तर देणार नाहीत, असे आमच्या गटातील दोघांचे मत होते. मी ठळक छापण्याचा आग्रह धरला, आणि कमिटीनेही तेच मान्य केले. घरभेटी थांबवून प्रश्नावली दोन महिन्यांच्या लसीकरणाच्या वेळी, वेगळ्या खोलीत, आईने स्वतःच्या हाताने भरावी असेही ठरले. ईदनंतर ही दुरुस्ती मंजूर झाली. याच काळात फोन नंबरांचा घोळही सुटला: अरबी लिपीतील पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य नुसता ठिपका असतो, त्यामुळे हाताने लिहिलेले काही नंबर मी चुकीचे उतरवले होते.

नव्या पद्धतीने आलेल्या पहिल्या आठवड्याच्या कागदांवरच एकेका प्रश्नाला 2 आणि 3 हे गुण दिसू लागले. मला आनंद व्हावा असे ते आकडे नव्हते, तरी मी ते कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

सप्टेंबरमध्ये एक तरुण आई आली. पहिले नऊ प्रश्न तिने भराभर सोडवले, मग पान उलटून संमतिपत्राकडे परत गेली आणि तो ठळक अपवाद बोट ठेवून वाचला. तिने मला विचारले की डॉक्टर तिच्या आईला सांगतील का. तिच्या परवानगीशिवाय सांगणार नाहीत, पण धोका वाटला तर आधी तिच्याशीच बोलून पुढचे ठरवतील, असे मी तिला सांगितले. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी अरबीत पाठ केलेले होते. तिने अपवाद आणखी एकदा वाचला आणि दहाव्या प्रश्नासमोर ‘क्वचित’ या उत्तरावर खूण केली. मी फोन केला. मानसोपचारतज्ज्ञ वीस मिनिटांत येते म्हणाल्या. तोवर तिने बाळ माझ्याकडे दिले आणि ती खिडकीपाशी जाऊन बसली.