काउंट पडले की आधी एएनसी काढा

मुलाच्या कॅन्सरवर केमो (केमोथेरपी) दिल्यानंतर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट आला की आईबाबांची नजर थेट पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यावर जाते. जंतुसंसर्गाचा धोका मात्र त्यातल्या न्यूट्रोफिलवरून, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरून ठरतो. न्यूट्रोफिल आणि बँड (अर्धवट वाढलेल्या न्यूट्रोफिल) यांच्या टक्क्यांची बेरीज करा, एकूण पेशींना त्या बेरजेने गुणा, १००ने भागा. हा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. पेशी १८००, न्यूट्रोफिल २०, बँड २ टक्के, तर एएनसी ३९६. ५००च्या खाली धोका मोठा, १००च्या खाली सगळ्यात जास्त. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) सुरुवातीला पेशी ५०,००० असल्या तरी त्यात बहुतेक ब्लास्टच (अपक्व, कॅन्सरच्या पेशी) असू शकतात, कामाच्या न्यूट्रोफिल अगदी थोड्या. त्यामुळे नुसता मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका.

केमोच्या बऱ्याच औषधांनंतर काउंट (पेशींची संख्या) ७ ते १४ दिवसांनी तळ गाठतात. हे दिवस आधीच लिहून ठेवा. या काळात ताप एकदा जरी ३८.३ अंश सेल्सिअस (१०१ फॅरनहाइट) झाला, किंवा ३८ (१००.४) तासभर टिकला, तर रात्र असो वा पहाट, लगेच हॉस्पिटलला निघा. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आधी सगळे रिपोर्ट येऊ देत म्हणून थांबायचं नाही. डॉक्टरांना न विचारता घरी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो आणि मोलाचे तास जातात. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा नाही, एनिमा किंवा सपोझिटरीही (गुदद्वारात ठेवायचं औषध) नाही. तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात शिरतात.

आणखी एक फसवी गोष्ट. पू मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो, म्हणून त्या नसतील तर गंभीर संसर्गातही पू दिसत नाही. नुसती लाली किंवा दुखणं असतं. स्टेरॉइड चालू असेल तर तापही दबतो. मूल मलूल पडलं, लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे द्रव सोडून धुतल्यावर, थंडी वाजली, पोटात उजवीकडे खाली दुखू लागलं, तर ताप नसला तरी न्यायचंच.

पेशी वाढवणारं जीसीएसएफ इंजेक्शन प्रत्येकाला लागत नाही. ते केमो संपल्यावर किमान २४ तासांनी देतात, नाहीतर नव्याने वाढणाऱ्या पेशीच केमोच्या तावडीत सापडतात.

मेंटेनन्समध्ये, म्हणजे ल्युकेमियाच्या उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, काउंट मुद्दाम थोडे खाली ठेवलेले असतात, हे अनेकांना कुणी नीट समजावून सांगत नाही. तिथे पेशी कमी दिसल्या म्हणून मर्कॅप्टोप्युरिन (या टप्प्यातलं केमोचं औषध) स्वतःहून बंद करणं घातक; डोस डॉक्टरच बदलतील. अगदी कमी डोसवरही काउंट वारंवार कोसळत असतील तर हे औषध शरीरात निकामी करण्याशी संबंधित टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा.

हात धुणं, मऊ ब्रश, ताजं आणि नीट शिजवलेलं अन्न एवढं रोजचं. कांजिण्या आलेल्या कुणाशी संपर्क आला तर मात्र पुरळ उठायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. संरक्षक इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) जितकं लवकर मिळेल तितकं बरं.