संगमाच्या गाळात ऊस किती, शेवाळ किती: माझा अनुभव

हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावरच्या गाळातला सेंद्रिय कार्बन रानातून वाहून आलेला की पाण्यातच तयार झालेला, हे शोधायला मी कार्बनच्या समस्थानिकांपासून, म्हणजे जड (१३) आणि हलक्या (१२) कार्बनच्या प्रमाणापासून, सुरुवात करतो. हे प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी, ते उणे आकड्यात सांगतात. पण सांगली भागात नुसत्या त्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं, कारण इथे ऊस आहे. बाभूळ, करंज यांचं मूल्य उणे २७ प्रतिसहस्रच्या आसपास, उसाचं उणे १२-१३. दोन्ही निम्मंनिम्मं मिसळलं की उत्तर उणे २० येतं, आणि पाठ्यपुस्तकात तो आकडा समुद्री शेवाळाचा! नदीतलं शेवाळ अनेकदा उणे २५ ते ३०, म्हणजे झाडांच्याच घरात. शिवाय ज्वारी आणि मकाही उसाच्याच गटातली, म्हणजे त्यांचा आकडाही उसासारखाच.

पूर ओसरल्यावर बसलेला वरचा पोयटा घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीतली रसायनं पुढे पानांवरच्या मेणाच्या तपासणीत उतरतात, म्हणून ४५० अंशांवर चार तास भाजलेल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवतो. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेले पाचटाचे तुकडे फेकू नका, वेगळे मोजा.

खरी कसोटी चुनखडीची. काळ्या रानातले चुनखडीचे बारीक कण गाळात येतात, त्यांचा कार्बन जड असतो. ते राहिले तर आकडा वर, म्हणजे शून्याकडे, सरकतो आणि नसलेला ऊस दिसू लागतो. आम्ल ओतून धुतलं तर विरघळणारा सेंद्रिय कार्बनही वाहून जातो. म्हणून वाळवून दळलेला नमुना चांदीच्या कुपीत किंचित ओलावून, डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचेच्या भांड्यात) तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत ठेवतो आणि नंतर ६० अंशांवर वाळवतो. कथलाची कुपी या वाफेत गळते.

दुसरा पुरावा कार्बन-नायट्रोजन गुणोत्तराचा. त्यासाठी नायट्रोजन मात्र आम्ल न दाखवलेल्या भागातून मोजावा. झाडपाल्यात कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २०च्या वर, शेवाळात ४ ते १०. पण काळ्या मातीची चिकणमाती अमोनियम (असेंद्रिय नायट्रोजन) धरून ठेवते, त्यामुळे गुणोत्तर खाली येऊन शेवाळ जास्त वाटतं. सगळ्या नमुन्यांचा नायट्रोजन कार्बनसमोर मांडा. कार्बन शून्य असताना रेषा जिथे अक्षाला छेदते, तेवढा नायट्रोजन वजा करा.

तरीही शंका उरली तर पानांवरचं मेण पाहतो. २७, २९, ३१ कार्बनच्या साखळ्या जमिनीवरच्या वनस्पतींच्या, १७ची शेवाळाची. लिग्निनमध्ये (वनस्पतींना ताठपणा देणाऱ्या द्रव्यात) फेरुलिक आणि पॅरा-कुमारिक आम्ल भरपूर निघालं तर गवतवर्गीय पीक किंवा झाडांचा कोवळा पाला समजावा. लाकडात ती जवळजवळ नसतात.

तुलनेसाठी कृष्णेचा आणि वारणेचा संगमाच्या वरचा गाळ, काठची माती आणि पाचट त्याच हंगामात घ्या.