सहाची लस आणि कार्डावरचे रकाने

मुलीला नऊ महिने पूर्ण झाले तेव्हा गोवर-रुबेलाच्या लशीसाठी आम्ही घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. ती एक सुई मिळेपर्यंत जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. बाळंतपण माहेरी, मधल्या लशी खासगी डॉक्टरांकडे आणि पुढच्या सरकारी दवाखान्यात, असं बऱ्याच घरांत होतं. त्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

आमच्याकडे जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची सुई माहेरी साताऱ्यालाच झाली, माता-बाल संरक्षण कार्डही मिळालं. वजन कमी होतं, म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे घेतल्या. मग इकडे सासरी परत आलो. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते दवाखान्यातल्या टेबलाशी. सिस्टरांनी कार्ड उघडलं तर जन्माच्या लशींच्या ओळीनंतर सगळं कोरं. मी खासगी दवाखान्याची फाईल पुढे केली. तिच्यात तारखांपुढे कंपन्यांची नावं आणि बाटल्यांवरचे स्टिकर. कार्डावरचे रकाने वेगळे: पेंटा, ओपीव्ही (पोलिओचे थेंब), एफआयपीव्ही (पोलिओची सुई), रोटा, पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस). "ताई, यातलं पेंटा कुठलं? एफआयपीव्ही दंडात दिली का? रोटाचा तिसरा डोस कुठाय?" एकाचंही उत्तर फाईलवर लिहिलेलं नव्हतं. "मग आम्हाला पहिल्यापासून द्यावं लागेल. नाहीतर डॉक्टरांकडून लिहून आणा," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाळाला हाक मारली.

लिहून आणायचं तर साताऱ्याहून. तिथून फोनवर उत्तर आलं की सगळं दिलंय, फाईलमध्ये आहे. दवाखान्यात पुन्हा गेलो तर त्या दिवशी लसीकरणाचा वार नव्हता. नंतरच्या वारी टेबलाशी दुसऱ्या सिस्टर होत्या आणि प्रश्न परत पहिल्यापासून. माझी घाई उगाच नव्हती. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि तिकडे भिवंडीला गोवराने लहान मुलं दगावली, त्या बातम्या मी पोटुशी असताना वाचल्या होत्या. सुरुवातीचे काही महिने आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाला गोवरापासून थोडं सांभाळते. ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून नऊ महिने थांबायचं. म्हणजे नऊ महिन्यांचं बाळ आईच्या आधारातून सुटलेलं आणि लशीचा आधार अजून न मिळालेलं असतं. अशा बाळाला रकाना कोरा आहे म्हणून परत पाठवणं मला आजही पटत नाही. जुना हिशोब लागेपर्यंत गोवराची सुई थांबवायचं काहीच कारण नसतं. तिचा मागच्या डोसांशी संबंध नाही. हे त्या टेबलाशी ठामपणे सांगा.

शेवटी एका रात्री मी स्वतः कागद घेऊन बसले. लशींची नावं बाजूला ठेवली आणि आजारांची लिहिली. क्षयरोग, पोलिओ, कावीळ ब, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब (या जंतूने होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर), रोटाव्हायरसचे जुलाब, न्यूमोकोकल न्यूमोनिया, गोवर, रुबेला. आपल्या सरकारी कार्यक्रमात देशभर हे अकरा आहेत. जपानी मेंदूज्वर बारावा, पण त्याची लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात. मग प्रत्येक आजारापुढे फाईलमधल्या तारखा मांडल्या. स्टिकरवरचं बारीक नाव वाचून कुठल्या बाटलीत काय होतं ते शोधलं. तेव्हा सगळं दिसलं.

पेंटामध्ये पाच आजार: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, हिब. आमच्या डॉक्टरांनी दिलेली सहाची लस, त्यात हे पाच आणि वर इंजेक्शनचा पोलिओ. म्हणजे पेंटाचे तिन्ही रकाने भरले. एफआयपीव्ही म्हणजे तोच इंजेक्शनचा पोलिओ, पूर्ण डोसाचा पाचवा भाग, दंडात कातडीच्या आत दिलेला. तिला पूर्ण डोस तीन वेळा मांडीत मिळाले होते. दंडात दिली का, याचं उत्तर "नाही" असलं तरी पोलिओ राहिलेला नव्हता. रोटाचंही तसंच. सरकारी रोटा तीन वेळा पाजतात, पण खासगीत मिळणारी एक लस दोनच डोसांची असते आणि आमच्या फाईलमध्ये तीच होती. तिसरा डोस चुकला नव्हता, तो मुळात नव्हताच.

न्यूमोकोकल उलट निघाला. सरकारी वेळापत्रकात दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. खासगीत आधी तीन आणि बूस्टर एक वर्षानंतर. आमचे तीन झाले होते.

हा कागद घेऊन मी टेबलाशी न थांबता सरळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले. मॅडमनी कागद वाचला, स्टिकरशी ताडून पाहिला आणि सिस्टरांना बोलावून सगळे रकाने भरून घेतले. न्यूमोकोकलचा बूस्टर वाढदिवसानंतर घ्या, असं कार्डावर लिहिलं. तोंडाने द्यायचा पोलिओ जन्माच्या वेळच्या थेंबांनंतर पुन्हा झाला नव्हता, तो पाच वर्षांपर्यंत देता येतो, म्हणून थेंब तिथेच पाजले. उजव्या दंडात गोवर-रुबेला आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. मुलगी रडली, मला मात्र त्या कागदाचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. तुम्हीही तसा कागद करा आणि कार्डात घडी घालून ठेवा.

वार ठरलेला का असतो, तेही मॅडमनी सांगितलं. गोवर-रुबेला आणि बीसीजी या जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लशी. त्या पावडर असतात, द्रावण घालून तयार केल्या की चार तासांत वापराव्या लागतात, उरलेली बाटली टाकून द्यावी लागते. म्हणून मुलं एका वारी बोलावतात. पेंटाची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते. हे टेबलाशी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी चिडचिड निम्मी झाली असती.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, सरकारी लशीने ताप येतो म्हणजे ती हलकी. तसं नाही. पेंटात डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, त्याने ताप आणि सूज जास्त येते. खासगीतल्या 'न दुखणाऱ्या' लशीत त्या जंतूचे निवडक भाग असतात, म्हणून त्रास कमी. संरक्षणात सरकारी लस कमी नाही, उलट अख्ख्या जंतूच्या लशीचं संरक्षण जास्त टिकतं असं दिसलेलं आहे. पैसे नसतील तर मनाला लावून घेऊ नका.

खासगीत नवव्या महिन्यात गालगुंडासकट एमएमआर देतात. ती घेतली असेल तर गोवर आणि रुबेला दोन्ही झालं, पण कार्डावर गोवर-रुबेलाच्या रकान्यात तारीख लिहून घ्या, नाहीतर दीड वर्षाच्या वेळी पुन्हा हाच वाद. यू-विनवरही (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नोंद करायला सांगा आणि मोबाईल नंबर बरोबर टाकलाय का बघा.

बीसीजीचा व्रण उठला नाही म्हणून आमच्या आत्या घाबरल्या होत्या. व्रण नसला तरी ती परत द्यायची नसते. सुई झाली की अर्धा तास तिथेच बसा, जागा चोळू नका, शेकू नका. तापाचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा निघण्याआधी मात्रा विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या.

आता आमचं पुढचं म्हणजे न्यूमोकोकलचा बूस्टर, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओ. खासगीत घेतलं तर स्टिकरशेजारी आजारांची नावं मराठीत लिहून द्या, असं मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय.