आमची वाटचाल: टिपण वचनाला टाचायचं, पानाला नाही

बायबल वाचायची ॲपं ढिगाने आहेत. पण पाळक संदेश देत असताना त्यांच्या वेगाने, मराठीत टिपणं घेता येतील असं ॲप कुणी मनावर घेतलं नव्हतं. आमची पेढी त्याआधी ख्रिस्ती मंडळ्यांचे वार्षिक अहवाल आणि गीतपत्रिका जुळवून द्यायची. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, त्याच्याकडचा मालही: श्रीलिपी नाहीतर आयएसएम या युनिकोडपूर्व मराठी टंकन-प्रणालींत टंकलेले वर्षानुवर्षांचे संदेश. ते युनिकोडमध्ये आल्याशिवाय कुणी फोनकडे वळणार नव्हतं. म्हणून ॲपच्या आधी रूपांतरक बांधला.

हे काम आमच्या पहिल्या भागीदाराचं. मूळचा अक्षरजुळणीतला माणूस, त्यामुळे फॉन्टच्या पोटात काय असतं हे त्याला पाठ. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं बरोबर उलट. ‘निर्गम’ या एका शब्दात दोन्ही भानगडी आहेत. त्यात प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. नुसतं शोधा-बदला करून हे होत नाही. आधी जोडाक्षर पूर्ण ओळखायचं आणि मग चिन्ह त्याच्या पलीकडे न्यायचं. पुढे भागीदार वेगळा झाला, पण तो तक्ता आजही चालतो.

मग संदर्भ ओळखणं. लिहिणारा ‘योहान ३:१६’ असं लिहील हा संगणकवाल्यांचा भाबडेपणा. अहिल्यानगर जिल्ह्यातले एक निवृत्त पाळक अगदी सुरुवातीपासून आमचे गिऱ्हाईक. ते अपूर्णविरामाऐवजी नेहमी विसर्ग देतात: ‘योहान ३ः१६’. मराठी कीबोर्डवर विसर्ग समोर असतो आणि अपूर्णविरामासाठी दुसरं पान उघडावं लागतं, त्यांनी तरी काय करायचं? तेव्हा विसर्ग, अपूर्णविराम, पूर्णविराम हे तिन्ही एकच मानायचे, आणि देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एकच. आकडा नावाच्या आधी आला तर ते पत्र (‘१ योहान’), नंतर आला तर शुभवर्तमानाचा अध्याय (‘योहान १’). ओबद्या, फिलेमोन, २ योहान, ३ योहान आणि यहूदा यांना एकच अध्याय, म्हणून ‘यहूदा ३’ म्हणजे तिसरं वचन. ही पाच नावं वेगळी काढली नाहीत तर ॲप नसलेला तिसरा अध्याय शोधत बसतं.

आता खरा मुद्दा. टिपण कशाला टाचायचं?

आम्ही पहिल्या आवृत्तीपासून ते पुस्तक-अध्याय-वचन या पत्त्याला टाचलं. पुस्तकासाठी यूएसएफएमचा (बायबलचा मजकूर साठवायची एक प्रमाण पद्धत) तीन रोमन अक्षरा-अंकांचा संकेत वापरला, अनुक्रमांक नाही. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. योहानाचं शुभवर्तमान इकडे ४३ वं, तिकडे ५० वं. अनुक्रमांक धरला असता तर वसईची कॅथलिक मंडळी आली त्याच दिवशी सगळं एका बाजूला सरकलं असतं. वचनांचे आकडेही सगळीकडे सारखे नसतात. स्तोत्र ५१ चं शीर्षक हिब्रूत पहिली दोन वचनं म्हणून मोजतात, म्हणून आपलं पहिलं वचन तिथे तिसरं. मलाखीचा चौथा अध्याय हिब्रूत तिसऱ्यातच १९ ते २४. योएलाचे आपल्याकडे तीन, तिथे चार. यासाठी पत्ते जुळवणारा एक तक्ता लागतो आणि तो हातानेच तपासावा लागतो. प्रेषितांची कृत्ये ८:३७ हे वचन काही नव्या भाषांतरांत तळटीपेत गेलंय. त्यावर टिपण असेल तर वचन दिसत नाही म्हणून टिपणही लपवायचं नाही. ८:३६ च्या खाली राखाडी पट्टी दाखवायची.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगतोय कारण एका मोठ्या कंपनीने आमच्यावर घाव घातला तो नेमका इथेच. नाव घेत नाही, या धंद्यातल्यांना कळेल. त्यांनी फुकट ॲप आणलं, आमच्या निर्यात फाइली थेट उचलणारं बटण दिलं, आणि ज्या भाषांतराच्या परवान्यावर आमचं ॲप उभं होतं त्याचं नूतनीकरण त्याच हंगामात अडलं. वर्गणीदार गळाले. पगार थकले. पेढी बंद करायचा कागद तयार होता.

वाचलो ते पत्त्यांमुळे. भाषांतराचा मजकूर काढून टाकला तरी एकही टिपण हललं नाही, कारण ते मजकुराला चिकटलेलंच नव्हतं. रिकाम्या जागी पंडिता रमाबाईंचं भाषांतर बसवलं. त्या १९२२ साली वारल्या, भाषांतर १९२४ साली निघालं, भारतीय कायद्याने त्याची मुदत केव्हाच संपलेली. कुणाच्या दारात उभं राहायला नको. नव्याने उतरणाऱ्यांना सांगतो: परवान्यावर घेतलेला मजकूर वेगळ्या फाइलीत, टिपणं वेगळ्या फाइलीत, आणि पहिली फाइल उडवून दुसरी उघडते का हे दर आवृत्तीला करून पाहा.

त्या कंपनीने काय केलं होतं? रंगवलेला भाग त्यांनी ‘अध्यायातलं अमुक अक्षर ते तमुक अक्षर’ असा ठेवला. इंग्रजीत हे खपतं. मराठीत ‘क्षि’ म्हणजे अँड्रॉइडच्या कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत चार एककं: क, हलंत, ष, वेलांटी. आयफोनच्या स्विफ्ट भाषेत डोळ्याला दिसणारं अक्षर हे एकक, तिथे आकडा कमी. एका फोनवर रंगवलेली ओळ दुसऱ्यावर सरकलेली दिसते, आणि अध्यायात जितकं पुढे जावं तितकी जास्त. वर प्रकाशकाने जुने अनुस्वार काढून शुद्धलेखन सुधारलं की उरलंसुरलंही गेलं. आम्ही वचनातला कितवा शब्द ते धरतो आणि त्या शब्दांची प्रतही सोबत ठेवतो. मजकूर बदलला तर आधी प्रत जुळवायची, नाही जुळली तर संपूर्ण वचन फिकट रंगवायचं. चुकीचा शब्द रंगवण्यापेक्षा ते बरं.

दुसरी खोड त्यांच्या बॅकअपची. टिपणं साठवणारा फोनमधला डेटाबेस, म्हणजे एसक्यूलाइट, डब्ल्यूएएल पद्धतीने चालत असेल तर ताजी नोंद आधी शेजारच्या ‘-डब्ल्यूएएल’ फाइलीत जाते, मुख्य फाइलीत नंतर. नुसती मुख्य फाइल उचलून ड्राइव्हवर टाकली की नेमकं कालच्या उपासनेचं टिपण गायब, आणि चूक दिसतही नाही, कारण फाइल उघडते. ‘व्हॅक्यूम इन्टू’ या आज्ञेने पूर्ण प्रत काढायची आणि मग ती पाठवायची. आमच्या पाळकांनी त्यांचं ॲप महिनाभर वापरून पाहिलं होतं. परत आले ते रोमकरांस पत्राची अर्धवट टिपणं घेऊन. आम्ही ती जमतील तितकी जुळवून दिली, पैसे घेतले नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली.

शोधाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण त्यावर अजूनही लोक आपटतात. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या मजकूर शोधायच्या भागातला ‘युनिकोड६१’ हा शब्दतोड्या (मजकुराचे शब्द पाडणारा) मुळात फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, हलंत ही चिन्हं त्याच्या लेखी विभाजक. ‘कृपा’ शोधलं की त्याच्या हातात ‘क’ आणि ‘प’. ‘कॅटेगरीज’ या पर्यायात ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे युनिकोडमधले अशा चिन्हांचे गट घातले की शब्द अखंड राहतो. त्यानंतर ‘दुसऱ्या’. हा शब्द काही कीबोर्ड ऱ आणि हलंत असा लिहितात, काही र, हलंत आणि न दिसणारा जोडक असा. दिसायला सारखा, शोधायला वेगळा. अनुक्रमणिका बनवतानाच दोन्हींचं एक रूप करायचं. फोनमधल्या एसक्यूलाइटवर विसंबायचं नाही, आपलं बांधून न्यायचं. जुन्या हँडसेटवर एफटीएस५ असेलच असं नाही.

पडद्याची मांडणी थोडक्यात: वर एक तृतीयांश वचन, खाली टिपण, म्हणजे कीबोर्ड वर आला तरी वचन झाकत नाही. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट, नाहीतर रफार आणि मात्रा कापल्या जातात. मजकुराची भाषा ‘मराठी’ नोंदवायची, नाहीतर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे उमटतात. बोट थांबलं की दोन सेकंदांत जतन, आणि ॲप मागे गेलं की लगेच, कारण काही फोन बॅटरी वाचवायला ॲप परस्पर मारून टाकतात. चाचणी स्तोत्र ११९ वर, सगळी १७६ वचनं आणि प्रत्येकावर टिपण, दोन जीबीच्या फोनवर. तिथे सरकताना अडखळलं नाही तर कुठेच अडखळत नाही.

दोन फोनांवर एकच टिपण बदललं गेलं तर आम्ही दोन्ही प्रती ठेवतो. ‘शेवटचं खरं’ हा नियम फोनच्या घड्याळावर चालतो, आणि घड्याळं चुकीची असतात.

सोडून जाणाऱ्याला आजही सगळी टिपणं एका झिपमध्ये देतो, प्रत्येक पुस्तकाची एक साधी मजकूर फाइल, प्रत्येक टिपणाआधी पत्ता. फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवतो, कारण देवनागरी नावं जुन्या विंडोजवर झिप उघडताना चौकोन होऊन बाहेर पडतात.