तक्रारीचा टाळ

आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष देण्याची रीत आहे. उपासनेत कुणी उभं राहतं, संकट कसं आलं, प्रार्थना कशी केली आणि प्रभूने कसं सोडवलं ते सांगतं, आणि सगळी मंडळी ‘हालेलुया’ म्हणते. मिशनरीकडून तर याची अपेक्षा फारच. सातपुड्यातून खाली उतरायचं, मदत पाठवणाऱ्या मंडळ्यांसमोर उभं राहायचं आणि देवाने डोंगरात काय काय केलं ते सांगायचं. पण मला ते सांगता येईना असा एक काळ आला. सोडवणूक झालेलीच नव्हती, मग सांगणार काय?

मी नर्स आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर आमचा छोटा दवाखाना आहे आणि रविवारी तिथल्याच ओट्यावर प्रार्थना होते. वस्ती पावरा आणि भिल्लांची. पावसाळ्यात ओढे भरले की गाडी पाड्यापर्यंत येत नाही. मग लाकडाला चादर बांधून झोळी करायची आणि बाळंतिणीला त्यातून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं. अशाच एका पावसात एक पोरगी झोळीतच गेली. मी तिच्या बाजूने चालत होते, तिचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी कुठल्या वळणावर थांबली तेही मला ठाऊक आहे. ओढ्याचं पाणी उतरू दे, एवढंच मी रात्रभर मागत होते. ते उतरलं नाही.

मग एकामागून एक सुरू झालं. बरोबरचं जोडपं मुलांच्या शाळेसाठी शहरात गेलं. त्यांचं बरोबरच होतं, पण मी एकटी पडले. मदतीचे पैसे आटले. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दोन पोरांना घेऊन तालुक्याला खेपा चालूच होत्या. त्यातच गावात कुणीतरी विचारलं, “ही बाई फुकट औषध देते, बदल्यात हिला पाहिजे तरी काय?” वर्षानुवर्षं ज्यांच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली, त्यांच्या अंगणात हा प्रश्न ऐकायला आला, तो फार लागला. फोनवर सगळे म्हणायचे, “विश्वास ठेवा, ताई.” त्याचा अर्थ मी असा घेतला की आता गप्प बसायचं. देवापुढे कुरकुर करायची नाही, जे होईल त्याला ‘तुझी इच्छा’ म्हणायचं. मी तसं म्हणतही होते. पण प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द निघत आणि आत सगळं कोरडं.

नर्सिंगला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण साताऱ्याकडची. तिच्या घराण्याची माउलींच्या सोहळ्यात दिंडी आहे. ती म्हणाली, “पाय बघायला कुणीतरी लागतंच. तू ये.” मी म्हटलं, मी ख्रिस्ती आहे, मिशनरी आहे, तुमच्या लोकांना चालेल का ते विचार आधी. तिने फोन सरळ दिंडीप्रमुखांच्या हातात दिला. ते म्हणाले, “माउली, पाय धड आहेत ना? मग या.”

एक गोष्ट आधीच सांगते. माझा विश्वास येशूवर आहे आणि तो मी वारीत लपवला नाही, पातळही केला नाही. सगळं एकच आहे असं म्हणून मला सुटायचं नाही. पण टाळ-मृदंग मला परका नव्हता. आम्ही नगरचे. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे आणि माझी आजी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतच दळण दळायची. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, हे त्यांनी कधी नाकारलं नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडून दिला. पैसे आटले तेव्हा मला त्यांची फार आठवण यायची. त्यांनी आपण होऊन सोडलं, माझं सुटत होतं.

मी सासवडला दिंडीत मिळाले. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाची वर्गणी, भरली, वळकटी ट्रकमध्ये टाकली आणि हातात फक्त औषधांची पिशवी ठेवली. वारीचं हे मला पहिल्याच दिवशी जड गेलं. सकाळी तुमचं सगळं सामान ट्रकमधून पुढे निघून जातं. संध्याकाळी तळावर तंबू उभा असेल, टँकर आलेला असेल, जेवण शिजत असेल, हे धरूनच चालायचं. डोंगरात माझ्या खांद्यावर पिशवी नाही असा दिवस नसतो. इथे कुणीही येऊन हातावर केळं ठेवत होतं, पाणी देत होतं आणि वर माझ्याच पाया पडत होतं. मी मागे सरायची. “घ्या हो माउली, आमचं पुण्य कशाला अडवता?” असं एका बाईने जेजुरीच्या अलीकडे मला चक्क दरडावलं. घेतलं.

रात्री पाय. पायांबद्दल मी कितीही लिहीन. टाचेच्या भेगांत चिखल वाळून बसलेला, बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून सोललेली, चवड्यावर पाण्याने टच्च भरलेले फोड. लोक सुईत दोरा ओवून फोडातून आरपार घालतात आणि दोरा तसाच ठेवतात, त्याने जखम पिकते. मी उकळलेल्या सुईने कडेला बारीक भोक पाडून पाणी काढायची, वरची कातडी तशीच राहू द्यायची आणि औषध लावून पट्टी बांधायची. दिंडीत माण तालुक्यातली एक आजी होती. तिच्या उजव्या पायाचा अंगठा काळानिळा झालेला. मी म्हटलं, आजी, उद्याच्या दिवस ट्रकमध्ये बसा. तर म्हणाली, “बसले तर भांडू कशी? वरीसभराचं साठवून आणलंय त्याच्यासंगं भांडायला. गाडीत बसून आलं की बोलायला तोंड राहत न्हाई.” तिचा थोरला मुलगा गेला होता. कसा, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. “तुम्ही देवाशी भांडता?” मी विचारलं. पट्टी बांधणारा माझा हात धरून म्हणाली, “मग कुणाशी भांडू, शेजारणीशी?”

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी लोणंदच्या तळावर आली. तिथे मी समाज आरती पहिल्यांदा नीट पाहिली.

तळावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. प्रत्येक दिंडीचे टाळ आणि मृदंग आपापल्या लयीत चालू. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग पालखी मधोमध येते, चोपदार उंचावर उभा राहतो आणि हातातला चोप, म्हणजे दंड, वर करून ‘होऽऽ’ अशी आरोळी देतो. त्या एका आरोळीसरशी सगळं थांबतं. लाखांचा समाज, आणि खोकल्याचाही आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला.

पण त्या दिवशी सगळं थांबलं नाही. पलीकडच्या बाजूला कुठेतरी टाळ वाजतच राहिले. एवढ्या शांततेत तो आवाज कानाला बोचत होता. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. मैत्रिणीने कानाशी येऊन सांगितलं, “त्यांची तक्रार आहे. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. चोपदार जाऊन ऐकून घेतील, तोपर्यंत आरती होत नाही.” आणि खरंच, चोपदार गर्दीतून वाट काढत त्या दिंडीपाशी गेले. तक्रार मोठी नव्हती, त्यांचा पाण्याचा टँकर पोहोचला नव्हता एवढंच. चोपदारांनी ऐकून घेतलं, काहीतरी सांगितलं, टाळ थांबले. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या, उद्या किती वाजता निघायचं ते जाहीर झालं आणि आरती झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्याला अविश्वास समजत होते, त्याला या लोकांनी आरतीच्या आधीची जागा दिली होती. टाळ वाजवत राहणाऱ्या दिंडीने सोहळा सोडला नव्हता, आरतीकडे पाठ फिरवली नव्हती. आपलं ऐकायला कुणीतरी येणारच, ही खात्री असल्याशिवाय कोण असं वाजवत राहील? सोडून जाणारा माणूस टाळ वाजवत नाही, तो तंबू गुंडाळतो.

आणि हे माझ्याच शास्त्रात होतं. दाविदाची स्तोत्रं मी लहानपणापासून म्हणत आले, त्यांतली कितीतरी उघडउघड गाऱ्हाणी आहेत: देवा, कुठवर, तू झोपलास काय, तोंड का लपवतोस? बायबलातला सर्वस्व गमावलेला ईयोब राखेत बसून देवाकडे जाब मागतो, आणि शेवटी देव त्याच्या शहाण्या मित्रांना रागावतो, ईयोबाला नाही. वधस्तंभावर माझ्या प्रभूने मारलेली हाक बावीसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ही हाक शेकडो वेळा वाचूनही, ती आपल्यालाही मारता येते हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तुकोबांचंही तेच. 1630 च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. त्यांनी विठोबाला काय काय सुनावलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या विश्वासावर कुणी शंका घेत नाही.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर मी बोलले. टाळांच्या गजरात बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, ती सोय मोठी आहे. मी त्या पोरीचं नाव घेतलं. ओढ्याचं नाव घेतलं. पाणी का उतरवलं नाहीस, असं स्पष्ट विचारलं. मला त्या डोंगरात बोलावून एकटीला का टाकलंस, हेही विचारलं. रडले, चालले, पुन्हा रडले. शेजारी चालणाऱ्या बाईने पदराने माझं तोंड पुसलं आणि काही न विचारता पुढे गेली. वारीत रडणाऱ्याला कारण विचारत नाहीत.

उत्तर आलं नाही. आलं असं लिहिलं तर साक्ष फार छान होईल, पण आलं नाही. त्या रात्री तरडगावच्या तळावर मला झोप मात्र लागली, आणि बऱ्याच महिन्यांनी पहाटे प्रार्थनेत मी खरंखुरं काहीतरी बोलत होते. रागाने, पण त्याच्याशीच. मला विश्वास मिळाला तो एवढाच, आणि मला तो पुरतो आहे.

रिंगणं झाली. माळशिरसच्या पुढे पाऊस लागला, औषधांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून चालले. वेळापूरच्या उतारावर सगळे पंढरीच्या ओढीने धावतात, तिथे मीही धावले. माणची आजी काळ्या अंगठ्यानिशी माझ्यापुढे होती. वाखरीला मी तिला विचारलं, “मग, मिटलं का भांडण?” ती म्हणाली, “मिटंल कशाला? पुढल्या साली यायचं न्हाई व्हय?”

पंढरपुरात मी दर्शनाच्या रांगेत उभी राहिले नाही. महाद्वारापाशी नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथे गेले. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातले. ज्या देवासाठी चोखोबांनी आयुष्य काढलं, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिलं गेलं नाही. ते दार सगळ्यांना उघडायला साने गुरुजींचं 1947 चं उपोषण व्हावं लागलं. चोखोबांनी ते दुःख देवाला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि देवाला सोडलंही नाही. तिथे माझ्या आधी एक म्हातारा वारकरी डोकं टेकून बराच वेळ होता. मीही माझ्या प्रभूची प्रार्थना केली. कुणी हटकलं नाही.

डोंगरात परत आले तेव्हा पावसाळा ऐन भरात होता आणि ओढे भरलेले होते. पैशाचं कोडं आजही सुटलेलं नाही. ओट्यावरच्या प्रार्थनेत मात्र मी एक बदल केला. गीत झालं की उपदेशाआधी मी विचारते, “देवाकडे कुणाची काही तक्रार आहे?” पहिले काही रविवार सगळे एकमेकांकडे बघायचे. मग झोळीत गेलेल्या पोरीची आई उठली. पावरीत बोलली, भरभर, मला निम्मंच समजलं. देवाला बोलली, मला बोलली, रस्ता न करणाऱ्यांना बोलली. मी वचन काढून तिची समजूत घातली नाही. तिचं संपेपर्यंत पुस्तक मिटून बसले, मग त्या दिवशी उपदेश केलाच नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. या वेळी वरच्या पाड्यावरच्या दोघी तिच्याबरोबर होत्या, त्यांनाही बोलायचं होतं.