डासाचा एक पाय पुरतो, पण

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील आमच्या सोसायटीच्या मागे, जिथे जुने टायर आणि फुटक्या कुंड्या वर्षानुवर्षे पडून आहेत, तिथे मी एक अख्खा दिवस डास पकडण्यासाठी पंख्याचा सापळा लावून ठेवला होता. एडिस इजिप्ती या जातीच्या डासाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी बाक घेतलेल्या पांढऱ्या रेषा असतात आणि एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पट्टा असतो. परंतु या खुणा म्हणजे नाजूक खवले असल्यामुळे पंख्याच्या झोतात ते झडले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही नुसतेच काळे दिसू लागले.

अशा वेळी डासाचा एक पाय पुरतो. त्यातून डीएनए काढून मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती बनवून, वाढवायचा, त्याचा क्रम वाचायचा आणि तो ओळख पटलेल्या जातींच्या क्रमांच्या संग्रहातील नोंदींशी ताडून पाहायचा. कॅनडातील जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेली ही बारकोडची कल्पना अळीलाही लागू पडते, हे मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते.

तथापि तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस या डासाच्या एका नावाखाली दिसायला सारख्या अशा ए ते ई या पाच जाती आहेत. त्यांपैकी बी मलेरिया पसरवण्यात जवळजवळ कुचकामी आहे, तर ई माणसाचे रक्त पसंत करते, त्यामुळे सगळ्यांची एकत्र मोजणी केल्यास फवारणीचे नियोजनच फसू शकते. मात्र इतक्या जवळच्या भावंडांना वेगळे करण्यास सीओआय नेहमी पुरे पडत नाही. आफ्रिकेतील ॲनोफिलिस गॅम्बिए आणि ॲनोफिलिस कोलुझी या जातींची जोडी त्याने वेगळी ओळखता येत नाही. तिथे केंद्रकातील डीएनएच पाहावा लागतो. शिवाय मायटोकॉन्ड्रिया केवळ आईकडून येत असल्याने संकर झाला असल्यास बारकोड त्याची अर्धीच हकिकत सांगतो.

संग्रहातील नावेही शेवटी कोणीतरी डोळ्यांनी पाहूनच दिलेली असतात. मावळातील भातखाचरातून आणलेल्या अळीपासून मी वाढवलेल्या क्युलेक्स डासाच्या एका नराच्या बारकोडशी जुळणाऱ्या नोंदींवर दोन वेगवेगळी नावे निघाली. जपानी मेंदूज्वर पसरवणाऱ्या जाती ज्या गटात आहेत, त्याच गटातील ती दोन्ही नावे होती. त्यामुळे पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळून जननेंद्रियांच्या रचनेवरून निर्णय करावा लागला. पाय सोडून बाकीचा डास टाचणीवर शाबूत ठेवला होता, म्हणून निभावले.